टाकीतली मोटर खरंच गेली आहे का?

वाचकांचे प्रश्न : दुचाकी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातून फ्युएल पंपाबद्दल, म्हणजे टाकीतलं पेट्रोल दाबाने इंजिनाकडे ढकलणाऱ्या विजेच्या मोटरबद्दल, आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. आपल्याकडे ‘पेट्रोल पंप’ म्हटलं की डोळ्यांसमोर रस्त्याकडेचा पंप येतो, म्हणून गॅरेजात हिला सरळ ‘टाकीतली मोटर’ म्हणतात. इथेही तोच शब्द ठेवला आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ (गाड्यांच्या धुराचे नियम) लागू झालं, बहुतेक गाड्यांचा कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन (इंजेक्टरमधून दाबाने पेट्रोल फवारणं) आलं आणि त्याबरोबर ही मोटर साध्या कम्यूटर गाडीच्या टाकीतही जाऊन बसली. गाडी चालू होईना की पहिला आळ तिच्यावरच येतो.

प्रश्न : माझी १६० सीसीची बीएस-६ गाडी आहे, रोज खानापूर ते जांबोटी फेरी होते. पूर्वी चावी फिरवली की टाकीतून ‘घूंऽऽ’ आवाज यायचा. चार दिवसांपासून तो बंद आहे. सेल मारला की इंजिन फिरतं, पण पेटत नाही. मेस्त्री म्हणतात, अख्खी असेंब्ली, म्हणजे मोटरसकट पूर्ण संच बदला. खात्री कशी करायची?
(शिक्षक, खानापूर)

उत्तर : आवाज नाही म्हणजे मोटर फिरत नाही, इतकंच त्यातून कळतं. ती स्वतः जळाली की तिच्यापर्यंत करंट पोचत नाही, हे मल्टिमीटर लावल्याशिवाय सांगता येणार नाही. जांबोटीच्या पावसात रोज भिजणाऱ्या गाडीत आधी संशय वायरिंगचा घ्यावा.

सुरुवात फुकटच्या गोष्टींपासून करा. किल स्विच ‘रन’वर आहे ना? पावसात हा स्विच आतून हिरवा पडतो, म्हणून आठ-दहा वेळा इकडेतिकडे करून पाहा. बॅटरी गाडी बंद असताना १२.४ व्होल्टच्या वर हवी. फ्यूज नुसता डोळ्यांनी बघू नका, मीटरवर कंटिन्यूटी (करंट आरपार जातो का) तपासा; केसाएवढी चीर डोळ्यांना दिसत नाही. नवा फ्यूज टाकताच उडाला तर कुठेतरी वायर सोलली गेली आहे. तिथे १० ॲम्पिअरच्या जागी २० चा टाकून गाडी ‘चालू करून’ देणारे असतात. वायरिंग जळण्याची सुरुवात तिथूनच होते.

आता टाकी मागून उचला आणि पंपाचं कपलर (वायरींचा जोड) शोधा. त्यात बहुधा चार वायरी असतात. दोन मोटरच्या, त्या जाड. दोन पेट्रोलच्या काट्याच्या, म्हणजे फ्लोटच्या, त्या बारीक. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. कपलर जोडलेलंच ठेवून मागच्या बाजूने टाचणीसारखी पिन आत सारा आणि मोटरच्या दोन वायरींवर मीटर लावा. मग दुसऱ्याला चावी ऑन करायला सांगा. इंजिन फिरत नसताना ईसीयू (इंजेक्शन सांभाळणारा गाडीतला कॉम्प्युटर) मोटरला दोन-तीन सेकंदच करंट देते, त्यामुळे आधी चावी फिरवून मग मीटर लावायला गेलात तर शून्यच दिसेल. चांगल्या मोटरी या एका घाईमुळे बदलल्या जातात.

कपलर काढून मोजणं ही दुसरी चूक. वायरीचा एकच धागा शिल्लक असला तरी मोकळ्या टोकाला मीटर १२ व्होल्ट दाखवतो. मोटर जोडली की तो धागा तिला लागणारा करंट नेऊ शकत नाही आणि व्होल्टेज कोसळतं.

त्या दोन सेकंदांत बॅटरीइतके व्होल्ट दिसले आणि मोटर गप्प राहिली, तर दोष मोटरचा. व्होल्ट खूप कमी दिसले तर अर्थिंग तपासा : मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल पिन कपलरच्या अर्थ वायरीवर, आणि चावी ऑन. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आला तर अर्थिंग सडलं आहे. व्होल्ट आलेच नाहीत तर रिलेकडे, म्हणजे मोटरचा करंट चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचकडे वळा. हॉर्नच्या, फॅनच्या किंवा स्टार्टरच्या जागी तोच पार्ट नंबर असलेला रिले असेल तर अदलाबदल करून पाहा. रिलेच्या कॉइलचा रोध साधारण ७० ते १२० ओहम येतो. काही गाड्यांत वेगळा रिलेच नसतो, ईसीयूच मोटर चालवते. तिथे पुढचं काम वायरिंगचा नकाशा हातात असणाऱ्याकडे सोपवा.

मोटरचा रोध मोजायला मात्र कपलर काढावं लागतं. ब्रशच्या मोटरला बहुधा १ ते ३ ओहमच्या आसपास आकडा येतो. मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवल्यावर जो आकडा येतो तो आधी वजा करा. मीटर काहीच दाखवत नसेल तर ब्रश संपले किंवा कॉइल तुटली. टाकीच्या तळाला रबरी हातोडीने हलके टकटक केल्यावर मोटर फिरू लागली तर ब्रश शेवटच्या टप्प्यात आहेत. ही युक्ती घरी पोचण्यापुरती.

थेट बॅटरीवरून मोटर चालवून बघायची असेल तर गाडीच्या वायरिंगपासून ती पूर्ण सोडवा, मध्ये ५ ॲम्पिअरचा फ्यूज घाला, मोटरकडचे जोड आधी करा आणि शेवटचा जोड बॅटरीकडे, टाकीपासून हातभर लांब करा. ठिणगी शेवटच्या जोडावर पडते. मोटर पेट्रोलात बुडालेली असावी. कोरडी चालवू नये.

प्रश्न : २०१३ ची १०० सीसीची गाडी आहे. उभी राहिली की सुरू होत नाही. शेजारच्या गावात एकाने ‘मोटर गेली’ म्हणून सांगितलं.
(शेतकरी, उचगाव)

उत्तर : तुमच्या गाडीत मोटर नाहीच. कार्ब्युरेटर आहे, पेट्रोल वरून आपोआप खाली उतरतं. कॉकची जाळी, फ्लोटची सुई आणि पायलट जेट साफ करून घ्या. सांगणाऱ्याकडून मात्र नको.

प्रश्न : गाडी लगेच सुरू होते, गावात काही त्रास नाही. पण महामार्गावर तवंदी घाट लागला की ६० च्या पुढे झटके मारते, थ्रॉटल दिला की दम तोडते. स्कॅनर लावला, दोषाचा एकही कोड नाही. मग पंप बरोबर आहे असं समजायचं का?
(व्यापारी, निपाणी)

उत्तर : नाही. लहान गाड्यांत इंधनाचा दाब मोजणारा सेन्सरच नसतो. ईसीयूला मोटरची वायर तुटली, रिले गेला एवढं कळू शकतं. दाब ३ बारवरून २ बारवर आला हे कळत नाही. त्यामुळे स्कॅनर स्वच्छ असणं आणि मोटर निरोगी असणं यांचा फारसा संबंध नाही.

आधी एअर फिल्टर आणि प्लग बघा. उसाच्या हंगामात शेतरस्त्यांचा फुफाटा फिल्टरमध्ये भरतो आणि चढावर तक्रार अगदी अशीच येते. तिथे काही नसेल तर दाब मोजा.

त्यासाठी ० ते ७ बारचा गेज आणि तुमच्या नळीला बसेल असा टी जोड लागतो. आधी लाइनमधला दाब काढा : मोटरचं कपलर काढा, इंजिन सुरू करा, ते आपोआप बंद पडेल, मग दोन-तीन सेकंद सेल मारा. तरी नळी सोडताना भोवती फडकं गुंडाळा आणि डोळ्यांवर चष्मा ठेवा. टी जोडून कपलर परत लावा, चावी तीन वेळा ऑन-ऑफ करा आणि आकडा वाचा. आपल्याकडच्या बहुतेक गाड्या २.५ ते ३.५ बारमध्ये चालतात. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्या, कारण अडीचची गाडी आणि साडेतीनची गाडी यांना एकच माप लावलं तर निदान चुकणारच.

आकडे असे वाचा. आयडलला बरोबर आणि थ्रॉटल उघडल्यावर दाब खाली येत असेल, तर मोटरला हवं तेवढं पेट्रोल ओढता येत नाही : मोटरच्या तोंडाची गाळणी, म्हणजे जाळी तुंबली, मोटर झिजली किंवा तिला व्होल्टेज कमी मिळतंय. सुरुवातीपासूनच कमी असेल तर रेग्युलेटर (दाब ठरलेल्या आकड्यावर ठेवणारा झडपेचा पार्ट) उघडा अडकला आहे, किंवा टाकीच्या आतली मोटर ते आउटलेट ही बोटभर नळी चिरली आहे. ती गळते टाकीतच, बाहेर एक थेंब दिसत नाही, म्हणून हा दोष हमखास सुटतो आणि नवी मोटर जुन्याच फाटक्या नळीला जोडली जाते. दाब जास्त असेल तर रेग्युलेटर बंद अडकला आहे. प्लग काळा पडतो, पेट्रोलचा वास येतो.

मग चावी बंद करून पाच मिनिटं गेजकडे बघा. दाब हळूहळू थोडा उतरला तर चालतं. झर्रकन शून्यावर आला तर मोटरचा चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे येऊ न देणारी झडप), रेग्युलेटर किंवा इंजेक्टर गळतो. अशा गाडीला सकाळी सेल बराच मारावा लागतो. दुरुस्ती होईपर्यंत चावी दोनदा ऑन-ऑफ करून मग सेल मारा, लाइन भरून घेतली जाईल.

तुमच्या तक्रारीत एक अडचण आहे. स्टँडवर रेस केली तरी इंजिनावर चढाचा बोजा येत नाही, त्यामुळे गेज ठीक दाखवू शकतो. म्हणून दाबाच्या जोडीला पेट्रोल किती येतं तेही मोजा. नळीचं टोक मापाच्या काचेच्या बाटलीत सोडा, चावी पाच वेळा ऑन करा. प्रत्येक वेळी मोटर दोन सेकंद चालत असेल तर एकूण दहा सेकंदांचं पेट्रोल जमतं. ते मॅन्युअलच्या आकड्याशी ताडून बघा. अंदाजासाठी हिशेब असा : ताशी ८० च्या वेगाने ४० चं ॲव्हरेज देणारी गाडी तासाला २ लिटर पिते, म्हणजे दहा सेकंदांत साडेपाच मिली. मोटर याच्या कितीतरी पट देते आणि उरलेलं रेग्युलेटरमधून टाकीतच परत पडतं. हा जास्तीचा साठा संपत आला की सपाटीवर काही जाणवत नाही आणि घाटात गाडी उघडी पडते. बाटलीत मॅन्युअलच्या आकड्यापेक्षा बरंच कमी जमलं तर पंप बाहेर काढून आधी जाळी बघा. बहुधा तिथेच काळपट चिकट थर सापडतो.

प्रश्न : संकेश्वरहून निघालं की २०-२५ किलोमीटरवर गाडी बंद पडते. पंधरा मिनिटं थांबलं की पुन्हा चालते, जणू काही झालंच नाही. तीन गॅरेजं झाली.
(कॉलेज विद्यार्थी, संकेश्वर)

उत्तर : गॅरेजात पोचेपर्यंत गाडी थंड होते, म्हणून कुणालाच काही सापडत नाही. तपास बंद पडलेल्या जागीच करावा लागेल, आणि त्याला दोन मिनिटं पुरतात.

गाडी थांबताच टाकीचं झाकण उघडा. हवा आत शिरल्याचा ‘सूंऽ’ आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलं आहे. पेट्रोल संपत जातं, त्या जागी हवा येत नाही, टाकीत पोकळी तयार होते आणि मोटरने कितीही ओढलं तरी पेट्रोल पुढे जात नाही. छिद्र साफ केलं की काम संपलं.

आवाज आला नाही तर चावी बंद करून पुन्हा ऑन करा आणि कान टाकीला लावा. घूं नाही, पण वर सांगितल्याप्रमाणे मोजल्यावर व्होल्ट येत आहेत, तर तापल्यावर मोटर अडकते, ती बदला. घूं येत असेल तर प्लगची ठिणगी बघा (उघड्या झाकणाजवळ नाही, झाकण लावून), कारण इग्निशन कॉइल आणि पिकअप कॉइल यांनाही तापल्यावर बंद पडण्याची हीच खोड असते.

आणि टाकीत पेट्रोल किती होतं ते सांगायचं राहिलं तुमच्या पत्रात. मोटरला थंड ठेवतं ते भोवतीचं पेट्रोल. शंभराच्या पेट्रोलवर कायम रिझर्व्हमध्ये फिरणाऱ्या गाडीची मोटर निम्मी उघडी राहून तापते. अर्धी टाकी भरून त्याच रस्त्याने एकदा जाऊन पाहा. त्रास गायब झाला तरी मोटरची वेळ जवळ आली आहे असं धरा.

प्रश्न : गाडी घसरून आडवी पडली. फार लागलं नाही, पण गाडी काही केल्या सुरू होत नाही. पंप गेला असेल का?
(वाचक, कॅम्प, बेळगाव)

उत्तर : गाडी ठरावीक कोनापलीकडे कलली की टिप-ओव्हर सेन्सर मोटर आणि इंजेक्टर बंद करतो, पेट्रोल सांडून आग लागू नये म्हणून. गाडी सरळ उभी करा, चावी पूर्ण बंद करा, दहा सेकंद थांबून पुन्हा ऑन करा. तरी नाही झाली तर सेन्सर त्याच्या रबरातून निसटून वाकडा बसला आहे का बघा. किल स्विच पडताना दाबला गेलेला असतो, तोही पाहून घ्या.

प्रश्न : शहापुरात छोटं गॅरेज आहे. आतापर्यंत कार्ब्युरेटरची कामं केली, आता इंजेक्शनच्या गाड्या येतात. टाकीतली मोटर बदलताना काय सांभाळावं? नुसती मोटर बदलावी की पूर्ण असेंब्ली?
(मेकॅनिक, शहापूर, बेळगाव)

उत्तर : आधी दुसऱ्या प्रश्नाचं. असेंब्लीत मोटर, जाळी, रेग्युलेटर, फ्लोट आणि या सगळ्यांना धरणारा प्लास्टिकचा सांगाडा असतो. दाब मोजून रेग्युलेटर ठीक आहे असं दिसलं, प्लास्टिकला तडा नाही, कपलरच्या पिना जळलेल्या नाहीत, काटा बरोबर दाखवतो, तर नुसती मोटर बदलायला हरकत नाही. यांतलं एक जरी बिघडलं असेल तर अख्खी असेंब्ली. काही कंपन्यांचा सांगाडा कारखान्यातच वितळवून बंद केलेला असतो. तो कापून चिकटवण्याच्या भानगडीत पडू नका.

नुसती मोटर घेताना व्हर्नियरने व्यास, लांबी आणि आउटलेटचा व्यास मोजा. मोटर ज्या दाबासाठी आहे तो दाबही जुळला पाहिजे. ‘सगळ्यांना बसते’ म्हणून विकली जाणारी मोटर बसते खरी, पण मिलिमीटरभर कमी व्यासाची असली तर रबरात सैल राहते, थरथरते आणि वायर तोडते. तिच्याबरोबर नवी जाळी, नवी ओ-रिंग आणि आतली नळी हे तीन पार्ट घ्याच. आतली नळी पेट्रोलात बुडून राहणारी, एसएई ३०आर१० दर्जाची लागते. कार्ब्युरेटरची नळी तिथे घातली तर फुगून मऊ पडते आणि दाबाखाली निसटते. ३०आर९ इंजेक्शनच्या दाबाला चालते, पण टाकीच्या बाहेर. बुडवून ठेवायला नाही.

काम मोकळ्या हवेत करा. बाजूला पावडरचं अग्निशामक आणि वाळूची बादली, जवळपास वेल्डिंग, ग्राइंडर किंवा चहाचा स्टोव्ह नको. आधी लाइनमधला दाब वर सांगितल्याप्रमाणे सोडा, मगच बॅटरीचा निगेटिव्ह काढा.  पेट्रोल हातपंपाने धातूच्या कॅनमध्ये काढा. तोंडाने नळी ओढायची जुनी सवय सोडा.

बाहेरच्या नळीचा क्विक कनेक्टर दोन्ही बाजूंच्या खटक्या एकदम दाबूनच निघतो. स्क्रू ड्रायव्हरने उचकटला तर प्लास्टिक तुटतं आणि नळीसकट नवा घ्यावा लागतो. टाकी उतरवून जुन्या वाकळेवर पालथी ठेवा. पंप उघडण्याआधी त्याच्या प्लेटभोवतीची माती ब्रशने आणि हवेने झाडून काढा, कारण बोल्ट सैल होताच ती सगळी आत पडते. हे करायला दोन मिनिटं लागतात, आणि न करणाऱ्याची नवी जाळी महिन्यात भरते.

प्लेटची दिशा मार्करने खुणावा. बोल्ट समोरासमोरचे थोडेथोडे सैल करा. पंप सरळ वर ओढू नका. फ्लोटचा दांडा आत अडकतो आणि वाकतो, मग गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी ‘काटा चुकीचा दाखवतोय’ म्हणून परत येतं. कलवून, फिरवत काढा. टाकीत एलईडी टॉर्च मारा. तळाला तांबूस पूड दिसली तर टाकी साफ केल्याशिवाय नवी मोटर बसवू नका.

सांगाड्यातून मोटर काढताना प्लस-मायनसचा फोटो घ्या. उलट जोडली तर ती उलटी फिरते. आवाज येतो, दाब येत नाही, आणि माणूस दिवसभर रेग्युलेटर शोधत बसतो. रबरी गाद्या जुन्याच चांगल्या असतील तर त्याच बसवा, पण बसवा. आतल्या नळीला स्क्रूचा साधा क्लिप नको, इंजेक्शनचा गोल दाबणारा क्लॅम्प वापरा.

ओ-रिंग नवीच. जुनी पेट्रोलात फुगलेली असते, परत खाचेत बसतच नाही. नवीला इंजिन ऑइलचं बोट फिरवा. सिलिकॉन गॅस्केट लावू नका. पेट्रोलात ते मऊ होऊन सुटतं आणि त्याचे कण जाळीत जाऊन बसतात. बोल्ट पुन्हा समोरासमोरचे, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. ५ मिमीच्या बोल्टला साधारण ४ ते ५ न्यूटन मीटर, ६ मिमीच्या नटला १० ते १२; मॅन्युअलमध्ये वेगळं दिलं असेल तर ते खरं. लिकेज होतंय म्हणून जास्त आवळणं हा उलटा उपाय आहे, प्लेट वाकते आणि लिकेज वाढतं.

टाकी बसवण्याआधी वर्तमानपत्रावर सरळ ठेवा, तीन लिटर पेट्रोल घाला, दहा मिनिटं थांबा. कागद कोरडा राहिला तर पुढे जा. सगळं जोडून झालं की चावी चार-पाच वेळा ऑन-ऑफ करून लाइन भरा, मगच सेल. इंजिन चालू असताना क्विक कनेक्टरवर हात फिरवून बघा.

प्रश्न : कणकुंबीच्या पावसात गाडी उघड्यावर असते. पंप काढला तेव्हा पिनांवर पांढरी-हिरवी पूड आणि टाकीच्या तळाला गढूळ पाणी निघालं. पेट्रोलमध्येच पाणी मिसळून देतात असं लोक म्हणतात. चोर्ला घाटाने गोव्याला जातो तेव्हा तिथलं स्वस्त पेट्रोल कॅनमध्ये आणतो, त्याचा तर दोष नाही?
(हॉटेल कामगार, कणकुंबी)

उत्तर : पहिला संशय पंपवाल्यावर घेण्याआधी टाकीचं झाकण बघा. झाकणाच्या रिंगमध्ये, कडेला एक बारीक भोक असतं. तिथे साचणारं पावसाचं पाणी त्या भोकातून एका नळीने टाकीखाली जमिनीवर पडतं. ते चिखलाने किंवा मुंगळ्यांच्या मातीने बुजलं की रिंगमध्ये तळं होतं, आणि झाकण उघडताच ते सरळ टाकीत. कणकुंबीसारख्या ठिकाणी पावसाळ्यात ही नळी दर आठवड्याला फुंकून बघा. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर बदला.

आता पेट्रोलचं. ६ फेब्रुवारी २०२३ ला बेंगळुरूत २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची सुरुवात झाली आणि आता पंपावर तेच मिळतं. आपल्याच शिवारातला ऊस कारखान्यातून फिरून टाकीत येतो म्हणा ना. इथेनॉल पाणी ओढतं. नुसत्या पेट्रोलात पाण्याचा थेंब तळाला मोत्यासारखा वेगळा दिसायचा. आता थोडं पाणी विरघळून जातं, काही दिसत नाही. पण मर्यादा ओलांडली की पाणी एकटं न बसता इथेनॉलला घेऊन तळाला बसतं. म्हणून तळाचा थर आत गेलेल्या पाण्यापेक्षा मोठा दिसतो, आणि ‘एवढं पाणी माझ्याकडून कसं जाईल?’ असं वाटतं. मोटरची जाळी नेमकी तिथे, तळाला. पिनांवरची पूड त्या थराचीच करणी.

तपासायचं असेल तर तळातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून वीस मिनिटं ठेवा. दोन थर दिसले तर सगळंच काढून टाका. वरच्या थरातून इथेनॉल निघून गेल्याने त्याचा ऑक्टेनही उतरलेला असतो. ते गटारात किंवा शेताच्या बांधावर ओतू नका. इथेनॉल किती आहे हे बघायचं तर १०० मिलीच्या उभ्या मापात ८० मिली पेट्रोल आणि २० मिली पाणी घाला, हलवा, थांबा. पाणी इथेनॉल ओढून घेतं आणि खालचा थर वाढतो. २० टक्क्यांच्या पेट्रोलला तो ३६ मिलीच्या आसपास येतो. त्याहून बराच मोठा आला तर पंपावर तक्रार करायला तुमच्या हातात काही आहे.

गोव्याचं पेट्रोल म्हणून वेगळं काही नाही. दोष कॅनचा. अर्धा भरलेला, झाकण सैल असलेला प्लास्टिक कॅन दमट घरात महिनाभर राहिला तर ओल आत जाते, शिवाय घरात पेट्रोल ठेवणं हा वेगळाच धोका. गाडीतच भरून आणा.

पिनांची पूड पाण्याने धुऊ नका. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, मऊ ब्रशने घासा, वाळल्यावर बाहेरच्या कपलरमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस भरा. पिन पोखरली असेल तर कपलर बदला. पावसाळ्यात गाडी जास्त दिवस उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा. रिकाम्या जागेतल्या हवेतली ओलच रात्री थंड पत्र्यावर धरते. २०२३ च्या आधीच्या गाडीत बाहेरच्या रबरी नळ्या वर्षातून एकदा बोटाने दाबून बघा. मऊ, चिकट किंवा चिरा पडलेली नळी त्याच दिवशी बदलायची.

प्रश्न : वर्षभरात दोन मोटरी बदलल्या. दुसरी तर तीन महिन्यांत गेली. पार्ट डुप्लिकेट असेल का?
(दूध संकलन करणारे, चिकोडी)

उत्तर : असूही शकेल, पण लागोपाठ दोन गेल्या म्हणजे गाडीतच काहीतरी मोटर मारत आहे. जुनी मोटर टाकून दिली नसेल तर तिची जाळी कापून बघा. तांबूस चिखल निघाला तर टाकी गंजली आहे. जाळीच नसेल, तर मेस्त्रींनी नवी मोटर जुनी जाळी काढून बसवली आणि नवी लावायला विसरले; असंही होतं. दोन्ही ठीक असतील तर चार्जिंग मोजा : इंजिन सुरू, रेस मध्यम, बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. १५ च्या वर जात असेल तर चार्जिंगचा रेग्युलेटर-रेक्टिफायर गेला आहे, आणि तो बदलेपर्यंत तिसरी मोटर विकत घेऊ नका. दुधाच्या फेरीत गाडी दर दारात बंद-चालू होते, त्यामुळे मोटरला प्रत्येक वेळी नव्याने उचल घ्यावी लागते. पन्नास पावलांवरच्या घरासाठी चावी बंद न केलेलीच बरी.